दुलईत गुंडाळलेल्या लॅपटॉपची कैफियत

मी एक जुना लॅपटॉप आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, मी रागावलेला आहे. दुरुस्तीच्या दुकानात, वरून दुसऱ्या फळीवर, एका बिनझाकणाच्या प्रिंटरशेजारी मी पडून असतो. माझी सात बटणं दुसऱ्यांना लावायला काढून नेली. त्याचं मला काही वाटत नाही. म्हातारपणी कुणाच्या उपयोगी पडलो, बरंच झालं. पण माझ्यावर जो आळ आला तो काही केल्या सोसवत नाही, म्हणून आज तुमच्यापुढे तोंड उघडतो आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायका तिथे ओळीने बसायच्या. एकीने माझ्या पोटात छोटासा पंखा बसवला, दुसरीने तो फिरतो की नाही ते कान लावून ऐकलं आणि मान डोलावली. मग खोकं, अंधार, धक्के, पुन्हा अंधार. झाकण उघडलं तेव्हा समोर माझी मालकीण होती. मला हात लावण्याआधी तिने स्वतःचे हात धुऊन कोरडे केले होते. काय सांगू मित्रांनो, तिथेच मी तिचा झालो.

ती घरी बसून छापखान्यासाठी पुस्तकांची पानं जुळवायची. मी सुरू झाल्यावर रीतसर प्रश्न विचारले. भाषा कोणती? घड्याळ कुठलं लावू? मला काय म्हणाल?

"अगंबाई, याला नाव पण ठेवायचं असतं?" मागून तिची आई म्हणाली. पुढे नात झाल्यावर ती आजी झाली, म्हणून मीही आजीच म्हणतो.

"हो आई, सुरुवातीलाच विचारतो तो."

"मग ठेव काहीतरी चांगलं. पुढे नावं ठेवायला आपण आहोतच!"

दोघी खूप हसल्या. मालकिणीने लिहिलं, 'सोबती'. मग मी शेवटचा प्रश्न विचारला, "दर आठवड्याला सगळ्या कामाची एक प्रत दुसरीकडे काढून ठेवायची का?" तिने 'नंतर' दाबलं. पहिलाच दिवस आहे, घाईत असेल, असं मी मनाशी म्हटलं.

सहा वर्षं मी राबलो. बालवाचन, गणित, भूगोल, कितीतरी पुस्तकं माझ्या पडद्यावर जुळली. छापखान्याच्या मालकाला ती फोनवर सांगायची, "माझा सोबती आहे म्हणून मी वेळेत देते हो." ते ऐकून मी फुलून जायचो. तोंडावर असं कौतुक आणि मागे हाल, ही तऱ्हा मला तेव्हा कळली नाही. बटणांखाली बिस्किटांचा चुरा साठला. चार्जरची वायर मानेपाशी वाकून वाकून आतून उघडी पडली. तिची चार वर्षांची लेक चिमी मला पडद्याला धरून उचलायची, कान धरून उचलावं तसं. आणि दर सोमवारी मी विचारायचो, प्रत काढायची का? दर सोमवारी 'नंतर'.

एकदा चिमीचा मामा आला आणि त्याने एक छोटी डिस्क आणून दिली. "ताई, आधी प्रत काढ, मग बाकीचं कर," तो म्हणाला. "काढते रे, तू चहा घे," ती म्हणाली. डिस्क खोक्यासकट खणात गेली. तिच्यावरचं प्लास्टिकसुद्धा फाटलं नाही.

आता आजीविषयी सांगतो, कारण खरी गोष्ट तिचीच आहे. एकतीस वर्षं ती बस स्थानकावर घोषणा करत होती. अख्ख्या गावाने तो आवाज ऐकलेला. नोकरी संपली तरी सवय सुटली नव्हती. "जेवणाची गाडी फलाटावर लागलेली आहे. प्रवाशांनी हात धुऊन यावे, चिमीताईंनी दोनदा धुवावे!" असं ती स्वयंपाकघरातून पुकारायची आणि चिमी धावत सुटायची.

त्या आजीचा घसा बसला तो सुटेचना. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं की सबंध स्वरयंत्रच काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. शस्त्रक्रियेला तीन आठवडे होते. त्या दिवशी घरात सगळे रडत बसले. पण आजीच आधी सावरली.

"रडून तुमचे घसे कशाला बसवताय?" ती म्हणाली. "तीन आठवडे आहेत ना? कामाला लागू. चिमीसाठी गोष्टी भरून ठेवते मी. मोठी होईपर्यंत पुरतील एवढ्या."

आणि गोष्टी ठेवायच्या कुठे? माझ्याकडे! मित्रांनो, माझ्या आयुष्यात याहून मोठं काम मला कुणी दिलं नव्हतं.

पहिल्या दिवशी फजितीच झाली. माइकवाला इअरफोन लावला, आजीने पाऊण तास ससोबाची गोष्ट रंगवून रंगवून सांगितली, आणि ऐकायला बसल्या तर ढिम्म शांतता. माइक बंदच होता. "एवढं बोलले ते सगळं वाऱ्यावर?" आजीने कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी आवाज आला, पण त्याच्यामागे घुर्रर्र असा सूर.

"हे कोण घोरतंय?" आजीने विचारलं.

मीच होतो तो. माझा पंखा. मालकिणीने खोलीतला पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, तरी माझी घुरघुर जाईना. तेव्हा तिने कपाटातून कापसाची जुनी दुलई काढली आणि मला सगळीकडून गुंडाळलं. पडद्याची एक पट्टी तेवढी बाहेर ठेवली. माझ्या पोटाखालची हवा जायची जागा, बाजूच्या फटी, सगळं बंद. "आता कसं गप्प बसलंय बघ," ती खूश होऊन म्हणाली. आवाज खरोखरच स्वच्छ आला.

रोज दुपारी तास-दीड तास हे चालायचं. मी आतून भाजत होतो. 'तापमान फार वाढले आहे' अशी पाटी मी पडद्यावर लावली. तिने ती मिटवली. पुन्हा लावली, पुन्हा मिटवली. पण आजी बोलायला लागली की माझंच मला भान राहायचं नाही. कोल्हा बोलताना तिचा आवाज लबाड व्हायचा, म्हातारी बोलताना थरथरायचा. मध्येच खोकला आला की ती म्हणायची, "थांबा हं चिमीताई, गाडी दोन मिनिटं उशिरा सुटेल." हे सगळं मी एकेक करून जपून ठेवत होतो. एकवीस गोष्टी झाल्या. आणि दर सोमवारी विचारतच होतो, प्रत काढायची का?

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी दुपारी बाविसावी गोष्ट सुरू झाली. चिमीने हट्ट धरला होता की बस स्थानकाचीच हवी. तिने खेळण्यातली अस्वलं, बाहुल्या, एक चेंडू, सगळे प्रवासी म्हणून ओळीत बसवले होते. "फलाट क्रमांक तीनवरून सुटणारी गाडी..." आजीने अस्सल जुन्या थाटात सुरुवात केली. आणि मित्रांनो, माझ्याच्याने पुढचं वाक्य धरवलं नाही. पोटात काहीतरी करपलं आणि माझा पडदा काळा पडला.

आमच्यासारख्यांना बंद पडल्यावरही ऐकू येतं, दिसतंही. कसं, ते मला विचारू नका. ऐकू आलं नसतं तर फार बरं झालं असतं.

मालकिणीने बटण दाबून पाहिलं, हलवून पाहिलं, थोपटून पाहिलं. शेवटी आजी म्हणाली, "जाऊ दे. मला सांग, प्रत काढली होतीस ना? नसशील काढली तर आत्ता सांग. अख्खी संध्याकाळ हातात आहे. फोनवर घे, दोन-चार गोष्टी तरी पुन्हा सांगते मी."

मी वाट पाहत होतो. सांग, म्हणत होतो, सांग बाई, अजून वेळ आहे.

"काढलीय गं आई," मालकीण म्हणाली. "सगळ्या एकवीस आहेत. आजची तेवढी गेली. तू दमू नकोस आता."

"खरंच?"

"खरंच. अगदी निश्चिंत जा."

आईला उद्या शांत मनाने पाठवायचं, म्हणून ती खोटं बोलली, हे मला कळत होतं. वाईट वाटलं, पण राग आला नाही. आजीने सुस्कारा सोडला आणि पडून राहिली. त्या संध्याकाळी ती फारशी बोललीच नाही. उद्यासाठी घसा जपत होती.

शस्त्रक्रिया पार पडली. आजी घरी आली ती हातात पाटी घेऊन. थोडं बरं वाटल्यावर तिने पाटीवर लिहिलं, "गोष्टी लाव." मालकिणीने तेव्हा काय उत्तर दिलं, ते शब्दन् शब्द आठवतं मला.

"आई, त्या मेल्या लॅपटॉपने दगा दिला गं. प्रत त्यातच काढली होती, तीही खाल्ली त्याने. सहा वर्षं पोसला त्याला, आणि ऐन वेळी उलटला."

मी उलटलो? दुलईत भाजत असतानाही जो गोष्टी जपत राहिला, तो मी? जिने हात धुऊन मला खोक्यातून बाहेर काढलं होतं, तीच हे माझ्यासमोर बोलत होती, आणि मला हूं की चूं करता येत नव्हतं. चिमीने येऊन मला एक चापट मारली. लहान लेकरू ते, ऐकलं तसं वागलं.

मग मालकीण मला इथे दुकानात घेऊन आली. आजीही हट्टाने आली. दुरुस्तीवाल्या काकांनी माझं पोट उघडलं, चिमटा घातला आणि पंख्यातून बोटभर कापूस ओढून काढला. "हे हो काय ताई? याला गादीत भरला होता की काय?"

"काय माहीत," मालकीण म्हणाली.

"गुदमरलाय बिचारा. आतली डिस्क पोळलीय. बघतो काय निघतं ते."

चार दिवसांनी त्यांनी पुन्हा बोलावलं. एकवीसपैकी नऊ गोष्टी निघाल्या होत्या. काकांनी एक लावून दाखवली, आणि पहिल्याच वाक्याला ते खुर्चीवरून उठले. "अहो, हा तर स्टँडवरचा आवाज! या आवाजावर आम्ही शाळेची बस पकडायचो!" त्यांनी आजीकडे पाहिलं, तिच्या गळ्यावरची पट्टी पाहिली आणि हळूच खाली बसले. आजी हसली. एक बोट वर करून तिने खूण केली, ऐका, आता गंमत आहे.

"बारा मात्र गेल्याच, आजी," काका थोड्या वेळाने म्हणाले. मग मालकिणीकडे वळून सहज बोलून गेले, "तुम्ही एकदा जरी प्रत काढली असती ना ताई! याच्यात नोंद असते सगळी. सहा वर्षांत एकदाही काढलेली नाही. दर आठवड्याला विचारायचा तो, नुसतं 'नंतर', 'नंतर'."

आजीने मान वळवली आणि लेकीकडे पाहिलं. लेकीने खाली पाहिलं. आजीची पेन्सिल पाटीवर हळूहळू चालली. मी टेबलावर उघडाच पडलो होतो, मला ती अक्षरं सरळ दिसली.

"त्या संध्याकाळी मला बोलता येत होतं."

मालकीण तिथेच स्टुलावर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली. आजीने पाटी पुसली नाही, तशीच मांडीवर धरून बसली. काका उगाचच स्क्रू मोजत राहिले. जाताना मालकिणीने नऊ गोष्टी घेतल्या, आणि "याला राहू दे इथेच," एवढंच म्हणाली. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही तिने. अजूनही लोकांना ती लॅपटॉपनेच दगा दिला म्हणून सांगते, असं परवा काका कुणालातरी सांगत होते.

मित्रांनो, आम्हाला हवा लागू द्या. आमच्या फटी मोकळ्या ठेवा, वायर पिळू नका, आणि आम्ही प्रत काढायला सांगतो तेव्हा काढा, आम्ही तुमच्याच भल्यासाठी विचारत असतो. एवढं करूनही तुमच्या हातून चूक होईल. माणसं आहात, होणारच. पण ती आमच्या माथी मारू नका. जिचं नुकसान झालंय तिला त्याच संध्याकाळी खरं सांगा, तिला बोलता येतंय तोवर.