पहिल्या घरांची चिंच

तानाबाईच्या सासरची पहिली चार घरं सातपुड्याच्या पायथ्याशी वसायला आली, तेव्हा भिंती उभ्या राहीपर्यंत जनावरांच्या भीतीने पोराबाळांसकट चिंचेवर माचाण बांधून झोपली, असं गावात सांगत. चढायला बुंध्यात कुऱ्हाडीने पाडलेल्या खाचा अजून होत्या.

पुढे कितीतरी वर्षांनी, एका साली बीटीच्या कपाशीतही बोंडअळी शिरली. बोंडं किडकी निघाली, वेचणाऱ्या बाया पांगल्या. चिंचेजवळच्या अर्जुनरावांच्या वावरात तानाबाई आणि शेजारची गुलनार, एवढ्या दोघीच उरल्या.

दिवस कलला होता. कपाशी सळसळली.

"काकू, डुक्कर हाये का?" गुलनारने विचारलं.

तानाबाईने मान वळवली. दोन ओळींपलीकडे अस्वल मागच्या पायांवर उभं राहून वास घेत होतं. अस्वलाने फाडलेला माणसाचा चेहरा तिने एकदा पाहिला होता.

"चिंचेवर चढ. पळू नको, हळू जाय."

गुलनार सरसर चढली. तानाबाईचा गुडघा वाकेना. गुलनारने वरून ओढणी सोडली, ती मनगटाला गुंडाळून तानाबाई कशीबशी फांदीवर पोचली. तोवर अस्वल बुंध्याशी आलं होतं.

"काकू, ते वर येऊन राह्यलं!"

"बोलू नको."

नखं सालीवर खरखरत होती. अस्वलाचा उग्र दर्प नाकात शिरला. मग ते थांबलं. त्यांच्या पायांखाली हातभर अंतरावर ढोली होती, ढोलीत मधाचं पोळं. अस्वलाने पंजा आत घातला आणि माशा उठल्या.

तानाबाईने कमरेचं वेचणीचं फडकं सोडून गुलनारच्या डोक्यावर टाकलं. तिच्या स्वतःच्या मानेवर, पापण्यांवर डंखावर डंख बसत होते. कण्हलं तरी ते वर पाहील, म्हणून तिने पदराचा बोळा दातांत धरला. किती वेळ गेला कोण जाणे. अखेर अस्वल फुत्कारत उतरलं आणि डोंगराकडे निघून गेलं.

खाली उतरायचं धाडस दोघींचंही होईना. गुलनारचा नवरा फहीम माणसं घेऊन शोधत आला, तेव्हा तानाबाईचे डोळे सुजून मिटले होते. त्याने तिला पाठीवर घेऊन उतरवलं.

आठवड्याने अर्जुनरावांनी उभ्या कपाशीत गुरं सोडली. गुलनार दुसऱ्यांच्या वावरात वेचायला जाऊ लागली. पण आत शिरण्याआधी ती धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभी राहून मोठ्याने खोकायची, आणि बराच वेळ कान देऊन ऐकत राहायची.