अदबीचं ‘तू’

“प्रकरण वाचून झालं का?” तिनं विचारलं. कुणाचं वाचून झालं, ते वाक्यात कुठंच नव्हतं. गेलं वर्षभर ती सरांशी अशीच बोलत होती, कर्त्याला बगल देऊन.

“माझं झालंय,” सर हसून म्हणाले. “पण तू मला अजून ‘तू’ म्हणत नाहीस!”

चिकित्सक सामाजिक मानसशास्त्राच्या पहिल्याच तासाला त्यांनी टेबल भिंतीला सारायला लावलं होतं आणि खुर्च्या गोल. सत्ता दंडुक्यापेक्षा ‘अहो’मध्ये जास्त मुरलेली असते, म्हणाले होते. या खोलीत कुणी सर नाही, सगळ्यांनी मला ‘तू’ म्हणायचं. बाकीची मुलं हां हां म्हणता सरावली. हिची जीभ रेटेना. घरी ती वडिलांनाही ‘तुम्ही’ म्हणायची. आणि त्या खुर्च्या गोल मांडल्या होत्या तिच्या वडिलांनीच. ते विभागात हंगामी शिपाई होते. विभागप्रमुख म्हणून सरांची सही झाली, की पुढचं वर्ष पदरात पडायचं. यंदाची सही अजून व्हायची होती.

आज तिच्या निबंधाचं वाचन होतं. विषय सरांनीच सुचवलेला: आपण कुणाला काय म्हणून हाक मारतो. ती उभी राहिली तेवढ्यात वडील चहा घेऊन आले.

“अरे, किती वेळ? आणि ती खिडकी लाव,” सर मान न वळवता म्हणाले.

“लावतो, साहेब.”

“हं, बोल तू.”

ती वाचू लागली. “काही कर्मचाऱ्यांना विभागात एकेरी हाक मारली जाते...”

“थांब,” सर खुशीत येऊन पुढं सरकले. “मारली जाते? कोण मारतं? कर्ता कुठं गेला? अशा वाक्यांच्या आडच तर सत्ता दडून बसते. किती वेळा सांगितलं!”

बरोबरच होतं त्यांचं. त्याचाच तिला संताप आला.

“तू,” ती म्हणाली. “तू मारतोस. माझ्या बाबांना.”

वर्षभर घशात अडकलेला शब्द निघाला तो असा. खिडकीपाशी वडिलांचा हात कडीवरच राहिला. मुलं आपापल्या कपात बघू लागली. सर हसले, आणि ते हसू चेहऱ्यावर जरा जास्तच वेळ राहिलं.

“उत्तम. टीका अशीच हवी,” ते तिला म्हणाले. “मुद्दा लक्षात घेऊ आपण. बसा तुम्ही.”

मग ते खिडकीकडे वळले. “अहो, राहू द्या ती कडी. आपण या आता.”

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा वडील गणवेशातच बसले होते. पायांत बूट तसेच होते.

“साहेब मला ‘आपण’ म्हणाले,” ते म्हणाले.

“म्हणायलाच हवं होतं. तुम्ही वयानं मोठे आहात.”

“मागं विभागाच्या ग्रंथालयातल्या शिपायालाही असंच म्हणाले होते. ‘आपण आता आराम करा.’ दुसऱ्या दिवशी त्याच्या जागेवर नवा माणूस.”

तिला बोलायचं होतं. वर्षभर शिकलेलं सगळं ओठांवर आलं होतं, पण त्यातलं एकही वाक्य सही आणून देणारं नव्हतं. तिला स्वतःची चीड आली, आणि त्याहून जास्त त्या गोल खुर्च्यांची.

“उद्या जाऊन माफी माग,” वडील म्हणाले. “सांग, बाबांना पूर्वीसारखं ‘अरे’च म्हणा.”

“म्हणा?” तिनं विचारलं. “की म्हण?”

वडील बुटाची नाडी सोडायला वाकले. गाठ बसली होती. ती सुटेपर्यंत ते विचार करत राहिले.

“‘तू’च म्हण,” शेवटी ते म्हणाले. “साहेबांचा हुकूम आहे तो. पण जरा अदबीनं म्हण.”