वार्निश दिलेला पाएया

जगातील नाना देशांची पक्वान्ने ज्या घरात रोज तयार होत असत, त्याच घरात ती कधी कोणाच्या मुखी लागली नव्हती; कारण ती सर्व मेणाची होती. हॉटेलांच्या दर्शनी काचेच्या कपाटांत गिऱ्हाइकाला भुरळ घालण्यासाठी जी हुबेहूब ताटे मांडून ठेवतात, ती घडवण्याचा कारखाना सासऱ्यांचा होता. खाली कारखाना, वर बिऱ्हाड. सासरे, सासूबाई, दोन लेकी आणि त्या लेकींचे दोन नवरे एवढाच परिवार, आणि दोन्ही नवरे खालीच कामाला.

त्यांपैकी थोरला जावई हा या हकिकतीचा धनी होय. इटलीचा पिझ्झा, हंगेरीचा गुलाश, जपानची सुशी, ग्रीसचा मुसाका ही सारी मंडळी लग्न झाल्यापासून त्याच्या बोटांतून शेकड्यांनी उतरली होती. चव मात्र त्याला एकाचीही ठाऊक नव्हती. ज्या हॉटेलचे काम असे, तिथला आचारी नमुन्यासाठी खरे ताट पाठवी. परंतु रंग जुळेपर्यंत नमुन्याला तोंड लावायचे नाही असा सासऱ्यांचा दंडक होता, आणि रंग जुळेपर्यंत ताट विटून जाई. थोरल्याला त्याचे कधी वाईटही वाटले नाही. मूर्ती घडवणाऱ्याने देवाशी गप्पा मारल्याच पाहिजेत असे थोडेच आहे, असे तो म्हणे.

या घराची एक रीत होती. कोणतेही ताट पुरे झाले की ते दुपारी जेवणाच्या टेबलावर खऱ्या अन्नाच्या मधोमध ठेवायचे. ते मेणाचे आहे हे सर्वांना ठाऊक असायचेच. ठाऊक असूनही जेवता जेवता कोणाचा तरी हात आपसूक तिकडे गेला, तर ताट उत्तीर्ण. सासरे मग म्हणत, "हात पडला!" आणि ज्याने ते घडवले त्याने ते उचलून न्यायचे. हात नाही पडला, तर मेण पुन्हा कढईत.

वर्षानुवर्षे हात पडत होते ते थोरल्याच्याच ताटांवर. मग धाकट्या मेहुणीचे लग्न झाले आणि धाकटा जावई घरात आला. हा गृहस्थ पूर्वी मालवाहू जहाजाच्या भटारखान्यात होता. त्यामुळे थोरला त्याला पाठीमागे 'भांडीघाश्या' म्हणत असे. साच्यातले मेण कसे सोडवावे हेसुद्धा त्याला थोरल्यानेच शिकवले. पण वर्ष उलटले नाही तोच या भांडीघाश्याने रशियाकडचे बीटचे लाल सूप केले. बोर्श्त त्याचे नाव. त्यावरचा मलईचा गोळा असा काही विरघळू लागलेला दाखवला होता की खुद्द सासूबाईंनी चमचा उचलला.

इथपर्यंतही ठीक होते. परंतु मागील महिन्यात धाकट्याचा पिझ्झा टेबलावर आला. एक तुकडा अर्धवट उचललेला आणि त्याखाली चीजची तार लोंबत असलेली. त्या तुकड्याकडे जो हात गेला, तो थोरल्याच्या स्वतःच्या बायकोचा होता.

"अगं बाई!" ती जीभ चावून हसली. "मेलं खरंच वाटलं की हो!"

"ताई, आता तुमच्या घरात भांडण लावू नका," धाकटा म्हणाला आणि सगळे हसले. थोरलाही हसला. पण हसता हसता त्याला एक गोष्ट टोचली. ज्या बायकोने त्याच्या हातचे मेण वितळताना पाहिले, रंगाची फडकी धुतली, जिला या धंद्याची सर्व लबाडी तोंडपाठ, तिचा हात त्याच्या ताटाकडे कधी म्हणजे कधीच गेला नव्हता. इतके दिवस हे त्याच्या ध्यानातही आले नव्हते. आता मात्र दाढी करताना, जिना उतरताना, मेण गाळताना तेच ते मनात येऊ लागले. परपुरुषाकडे बघून हसली असती तर त्याने एक वेळ समजून घेतले असते. पण पिझ्झा!

अशातच सासऱ्यांनी जाहीर केले की त्यांच्या हाताला कंप सुटला असून खिडकीजवळचा बाक ते सोडणार आहेत. त्या बाकावर उत्तरेचा उजेड पडे, आणि तिथे जो बसे त्याचा रंगाबाबतचा शब्द अखेरचा मानला जाई. एका हॉटेलचे मोठे काम आले होते. "त्यातलं एकेक ताट दोघांनी करा," सासरे म्हणाले. "ज्याच्यावर हात पडेल त्यानं बाक घ्यावा. दोन्हींवर पडला, तर थोरल्याचा मान."

धाकट्याच्या वाट्याला जपानी रामेन आले, म्हणजे रस्स्यातल्या शेवया. थोरल्याला मिळाला स्पेनचा पाएया : पसरट कढईत केलेला केशरी भात, वर झिंगे, शिंपले आणि लिंबाच्या फोडी.

धाकट्याने रामेन मांडले त्या दिवशी सासूबाईंनी त्यातले अंडे उचलण्यासाठी चिमटा पुढे केला. हात पडला. थोरल्याचा भात मात्र काही केल्या साधेना. शिते एकमेकांना चिकटत. पिवळा रंग कधी हळदीवर जाई, कधी गंजावर. तो वाकून धाकट्याच्या बाकाकडे पाही. धाकटा शीळ घालत रंग कालवत असे. नमुन्याच्या ताटाकडे तो बघतसुद्धा नसे! डोळे मिटे, ओठ चाटल्यासारखे करी आणि ब्रश बुडवी. ते ओठ चाटणे पाहून थोरल्याच्या अंगाचा तिळपापड होई.

परीक्षेच्या दिवशी सकाळी थोरल्याने आपला मेणाचा भात पाहिला आणि त्याला कळून चुकले की यावर माशीदेखील बसणार नाही. तो तडक हॉटेलात गेला आणि आचाऱ्याला म्हणाला, "मागचा नमुना विटला. ताजा पाएया द्या." आचारी भला माणूस; त्याने कढईभर दिला, आणि वर तळ खरवडून डबाही भरून दिला.

बेत सरळ होता. खरा पाएयाच टेबलावर ठेवायचा. कोणाचा हात पुढे आला, की रीतीप्रमाणे ताट चटकन उचलायचे. बाक एकदा ताब्यात आला, की मेणाचा भात सवडीने करता येईल. त्याने शिते सारखी केली, झिंगे नीट लावले, लिंबे पुसली. आणि मग, आजवर प्रत्येक ताटाला देत आला तसा, वार्निशचा शेवटचा हात त्यावरून फिरवला. ब्रश बाटलीत परत बुडवताना त्याला भान आले. हे मेण नव्हते, अन्न होते. पण लगेच त्याला वाटले, बरेच झाले! अन्नाचा वास दबला आणि कारखान्याचा वास आला. आता कोणाला शंका येणार नाही.

दुपारी सर्व जण जेवायला बसले. भाजी, भात, तळलेले मासे आणि मधोमध पाएया. थोरला नुसता भात कालवत होता. तो बायकोच्या उजव्या हाताकडे बघत होता. हात भाजीकडे गेला. पाण्याकडे गेला. मिठाकडे जाताना पाएयाच्या काठावरून गेला आणि थांबला नाही.

सासऱ्यांनी चष्मा पुसून ताट न्याहाळले. "शितं फार मोकळी झालीत, जावईबापू. भात असा नसतो."

"झिंगा जरा भडकच," सासूबाई म्हणाल्या. "कुठल्या समुद्रात असला रंग असतो?"

"आणि हे शिंपले," धाकटी मेहुणी म्हणाली, "भाऊजी, रागावू नका हं, पण बटणांसारखे दिसतात!"

थोरल्याच्या कानशिलांतून वाफा निघू लागल्या. खऱ्या झिंग्याला नावे ठेवली जात होती आणि त्याला तोंड उघडण्याची सोय नव्हती. अशा वेळी, भाताचा घास घेता घेता, धाकट्या जावयाचा हात पुढे आला आणि पाएयाच्या काठावर जाऊन टेकला.

"हात पडला!" सासऱ्यांनी टेबलावर थाप मारली. "अहो, चक्क धाकट्याचा पडला! आता बोलणंच खुंटलं. बाक थोरल्याचा."

थोरल्याच्या छातीत आनंदाचा नुसता भडका उडाला. ज्याच्या पिझ्झ्याने बायकोचा हात ओढला, त्याचाच हात आज आपल्या ताटावर! तो ताट उचलायला अर्धा उठला. परंतु धाकटा स्वतःच्याच नादात होता.

"आमच्या जहाजावर एक स्पॅनिश बुवा होता," तो सांगू लागला, "रविवारी हेच करायचा. आम्ही कढईभोवती उकिडवे बसायचो, आणि पहिला झिंगा..." बोलता बोलता त्याने एक झिंगा उपटला. मेणाचा झिंगा चिकटवलेला असतो, तो निघत नाही, हा निघाला. धाकट्याच्या ते ध्यानातही आले नाही. जुन्या सवयीने अंगठ्याने कवच सोलून त्याने तो तोंडाकडे नेला.

थोरल्याने ते पाहिले. खाऊ दे, असे त्याच्या मनात आले. खोटे कशाला सांगा, स्पष्ट आले. ते चाटलेले ओठ, ती शीळ, ती जाणती जीभ एकदा पोळू दे. बाक तर मिळालाच आहे. मग त्याला त्या झिंग्याची पांढरी लुसलुशीत पाठ दिसली आणि तिच्या टोकावर चकाकणारा वार्निशचा थेंब दिसला.

"टाक तो! टाक! विष आहे ते!" तो ओरडला आणि त्याने धाकट्याच्या मनगटावर फटका मारला. झिंगा उडून सासूबाईंच्या ताटात पडला.

सासूबाईंनी चमच्याने झिंगा दाबून पाहिला. तो दबला.

"म्हणजे हे खरं आहे?" बायकोने विचारले.

थोरल्याने मान खाली घातली.

सासऱ्यांनी चष्मा काढून ठेवला. "जावईबापू," ते म्हणाले, "आम्ही जन्मभर खोट्याला खरं करायला बसलो. तुम्ही खऱ्याला खोटं केलंत. हे मला काही जमलं नसतं." मग ते धाकट्याकडे वळले. "उद्या हत्यारं खिडकीजवळ न्या."

बायको ताटे उचलू लागली. त्याच्यापाशी येऊन ती हलकेच म्हणाली, "तरीच माझा हात गेला नाही."

"का पण? खरं होतं की!"

"वर तुमची चकाकी होती ना. लांबूनच ओळखू येते."

संध्याकाळी तो कारखान्यामागच्या पायरीवर एकटाच बसला होता. मांडीवर आचाऱ्याने दिलेला डबा होता. कढई त्याने कचऱ्यात रिकामी केली होती. डब्यातल्याला मात्र वार्निश लागले नव्हते. त्याने बोटाने थोडा भात घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या धंद्यातला एक पदार्थ त्याने तोंडात घातला. तो चांगला होता. इतका चांगला होता की त्याला रागच आला.

मागून धाकटा आला. मनगट चोळत उभा राहिला. "दादा, तळाचं खाल्लंत का? खरपूड? सगळी गंमत तिथंच असते. वरून दिसत नाही."

थोरल्याने तळ खरवडला. कुरकुरीत, किंचित करपलेले, समुद्राची चव असलेले काहीतरी दातांखाली आले. म्हणजे हा मनुष्य इतके दिवस हे तोंडात घोळवत रंग कालवत होता! दिसत नाही ते ठाऊक असल्यामुळे दिसते ते त्याला साधत होते. बाक गेला त्याचे दुःख होतेच. पण आता त्याला त्या जिभेचा हेवा वाटू लागला, आणि हा हेवा पहिल्यापेक्षा अधिक जाळणारा होता, कारण जीभ काही बाकासारखी मिळवता येत नाही.

त्याने डबा बाजूला सरकवून पायरीवर जागा केली. "बस," तो तोंड न वळवता म्हणाला. "आणि ते बीटचं सूप. त्याची चव कशी असते, सांग."

"बोर्श्त होय? आधी आंबट लागतं, दादा, आणि मग..."

धाकटा रंगात येऊन ओठ चाटत सांगू लागला. थोरल्याचे अंग पुन्हा पेटले. पण तो उठला नाही. दात आवळून एकेक शब्द ऐकत राहिला.