मीटरभर गाव

मी एक तुकडा बोलतोय. तुकडा म्हटलं की लोकांना उरलंसुरलं, टाकाऊ असं काहीतरी आठवतं. तसा मी नाही. माझी लांबी मीटरभर, रुंदी हातभर. माझ्यावर एक स्टेशन आहे, शाळा आहे, थोडी घरं, एक तळं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेले रेल्वेचे रूळ. स्टेशनच्या बाकावर एक गृहस्थ बसलेत. त्यांची उंची तुमच्या करंगळीच्या नखाएवढी. खेळण्यातल्या रेल्वेचं गाव म्हणा हवं तर. फक्त आमच्या डॉक्टरांसमोर ‘खेळणं’ म्हणू नका, ते दोन दिवस बोलायचे नाहीत.

माझा जन्म करवतीने झाला. त्याआधी मी एका भल्यामोठ्या देशाचा भाग होतो.

तो देश दातांच्या डॉक्टरांनी त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत वसवला होता. दवाखाना बंद करून आले की हातपाय धुवायचे आणि खोलीत शिरायचे. दातांचे साचे घ्यायच्या भुकटीचे त्यांनी डोंगर केले. तोंडात घालायच्या जुन्या आरशांची तळी केली. दात कोरायच्या सुईने एकेका घराला कौलं कोरली. हात असा की बघत राहावं. पण डोंगर झाला की त्यांना बोगदा लहान वाटे, बोगदा मोठा केला की डोंगर ठेंगणा दिसे, आणि डोंगर वाढवायला घेतला की पायथ्याचं गाव उचलावं लागे. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. गाडी काही सुटत नव्हती. रूळ कुठे ना कुठे उखडलेलेच असायचे.

“अहो, एकदा तरी फिरवून दाखवा ती गाडी,” बाई म्हणायच्या. बाई म्हणजे डॉक्टरांची बायको. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या.

“पूर्ण झाल्यावर दाखवतो,” हे डॉक्टरांचं ठरलेलं उत्तर. बाईंनी जगातले सगळे देश मुलांना शिकवले, पण घरातला एक देश त्यांना कधी पाहायला मिळाला नाही; दारावर ‘आत रंग ओला आहे’ अशी पाटी कायम असायची.

ती खोली मुळात त्यांच्या लेकीची. ती पुढच्या शिक्षणाला बाहेरगावी गेली, आणि पहिल्या सुट्टीत परत आली तर तिच्या पलंगाच्या जागी घाट होता. त्या सुट्टीत ती बैठकीत झोपली. पुढच्याही. ती काही बोलली नाही. न बोलणं तिला वडिलांकडून मिळालं होतं, नीट रुजून.

पुढे बाईंचे गुडघे दुखू लागले, जिने चढवेनात, आणि लिफ्ट असलेल्या लहान घरात जायचं ठरलं. सामान हलवणारे आले. त्यांच्या मुकादमाने मागच्या खोलीत डोकावून पाहिलं, दार मापलं, देश मापला आणि डोकं खाजवलं.

“साहेब, हे खोलीत आलं कसं?”

“आलं नाही. इथंच झालं.”

“मग ते इथंच राहणार,” मुकादम म्हणाला आणि कपाट उचलायला गेला.

शेवटी लेक आली. तोवर ती फिजिओथेरपिस्ट झाली होती, लोकांचे आखडलेले खांदे सोडवायची. सोबत सुतार होता. डॉक्टर गॅलरीत पाठ करून उभे राहिले.

“बाबा, कुठून कापायचं ते तरी सांगा.”

“कुठूनही काप. पूर्ण झालं असतं तर कापायची वेळच आली नसती.”

“पूर्ण कधी होणार होतं?”

डॉक्टर गॅलरीतल्या कुंडीतलं पिकलं पान शोधत राहिले. सुताराने करवत लावली. मला दुखलं का, असं तुम्ही विचाराल. खरं सांगू, मोकळं वाटलं. इतकी वर्षं माझ्या डोक्यावर सततचा एक डोंगर होता.

आमचे पाच तुकडे झाले. नव्या घरात आम्ही पलंगाखाली गेलो. तिथं माझ्या तळ्यात धूळ साठली आणि शाळेवर कुणाचा तरी एक मोजा येऊन पडला. डॉक्टर आमच्याकडे ढुंकूनही बघत नसत. दिवसभर वर्तमानपत्र वाचायचे, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढायचे आणि बाईंना मोठ्याने वाचून दाखवायचे. बाईंनी एकदा लेकीला फोनवर सांगितलेलं मी ऐकलं: “तुझ्या बाबांना काहीतरी उद्योग शोध. नाहीतर मी तरी बाहेर पडते.”

लेकीकडे तेव्हा एक बेकरीवाल्या काकू यायच्या. जन्मभर कणीक तिंबून त्यांचा उजवा खांदा धरला होता. एकदा हात वर करताना त्या कळवळून म्हणाल्या, “लवकर बरा कर गं, रविवारी मला चंद्र उचलायचाय.” तो चंद्र काय आहे हे लेकीने विचारून घेतलं, आणि त्याच रविवारी वडिलांना जवळजवळ ओढतच एका शाळेच्या हॉलवर घेऊन गेली. मला पिशवीत घालून.

हॉलमध्ये टेबलांची लांबच लांब रांग होती. जो तो आपापला मीटरभराचा तुकडा घेऊन आलेला. कुणाचं वाळवंट, कुणाचं बंदर, एका परिचारिकेने नुसतं धुकंच केलेलं, कापसाचं. बेकरीवाल्या काकूंचा तुकडा म्हणजे चंद्राचा पृष्ठभाग, खड्ड्यांसकट, आणि खड्ड्यांमधून गेलेले रूळ.

“नियम एकच,” काकूंनी डॉक्टरांना समजावलं. “टोकं सगळ्यांची सारखी. उंची सारखी, रूळ कडेच्या बरोबर मध्यावर, बोल्टाची भोकं ठरलेल्या जागी. म्हणजे कुणाचाही तुकडा कुणालाही जोडता येतो. मध्ये ज्याला जे करायचं ते करू दे.”

“आणि कुणी मध्ये घाण करून ठेवली तर?”

“तर गाडी तिथून लवकर पुढे जाईल.”

डॉक्टरांनी नाक मुरडलं. “ठिगळं जोडून कुठं देश होतो का,” असं लेकीच्या कानात म्हणाले. पण माझी नजर त्यांच्यावरच होती. परतताना त्यांनी काकूंकडून टोकाचं माप मागून घेतलं. ‘सहज’ म्हणाले. त्या आठवड्यात माझी करवतीने तिरपी झालेली कड घासून सरळ झाली, भोकं पडली, तळं पुसलं गेलं आणि मोजा मालकाला परत मिळाला. आणि नवल म्हणजे मी पूर्ण झालो. मीटरभर गावाला किती सुधारणार? उजवीकडे सरकायला जागा नाही, डावीकडे सरकायला जागा नाही. डॉक्टरांनी दोन-तीनदा माझ्याभोवती फेरी मारली आणि करायला काहीच उरलं नाही हे लक्षात आल्यावर ते जरा घाबरलेच.

मग त्यांनी लेकीला म्हटलं, “तूही एक कर. मी टोकं करून देतो.”

लेकीला आश्चर्य वाटलं, पण तिने केला. संध्याकाळी कामावरून यायची, बाईंनी केलेलं काहीतरी खात जमिनीवर बसायची आणि रंगवायची. बापलेक शेजारी शेजारी बसून काम करताहेत हे दृश्य बाई स्वयंपाकघराच्या दारातून बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. बोललं की दृष्ट लागते. तिच्या तुकड्यावर एक रस्ता होता, रस्त्याकडेला जांभळी झाडं, आणि रस्त्याच्या मधोमध बसलेली मातीची मांजर. मांजर बसएवढी. म्हणजे खरोखरच्या बसएवढी नव्हे, शेजारी उभ्या असलेल्या बसएवढी.

डॉक्टर आवंढे गिळत होते. मला शेजारी ठेवलेलं असल्यामुळे ऐकू यायचं. “प्रमाण म्हणून काही असतं,” ते पुटपुटायचे.

“बाबा, टोकं तुमची, मधलं माझं.”

“मी कुठं काय म्हणतोय.”

एकदा कामाच्या गडबडीत ती दोन-चार दिवस येऊ शकली नाही. तिचा तुकडा घरीच होता. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी तो नुसता पाहिला. दुसऱ्या दिवशी भिंगातून पाहिला. आणि मग त्यांच्यातला जुना डॉक्टर जागा झाला. किडलेलं दिसलं की त्यांचा हात थांबत नसे.

लेक आली तेव्हा झाडं हिरवीगार होती. इतकी सुंदर, की एकेका पानावर ऊन वेगळं पडलेलं.

“मांजर कुठे गेली?”

“तिथंच आहे. भिंग घेऊन बघ,” डॉक्टर कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाले. तांदळाच्या दाण्याएवढी मांजर त्यांनी घराच्या पायरीवर बसवली होती. मिशांसकट.

लेक शांतपणे म्हणाली, “खोली घेतलीत तेव्हाही विचारलं नव्हतंत.”

तिने आपला तुकडा उचलला आणि गेली. चहा ओतलेला होता, तो तसाच राहिला.

मग ती येईना. फोन बाईंना करायची, पाच मिनिटं बोलायची, ‘बाबा कसे आहेत’ हे विचारायची आणि ‘दे त्यांना’ मात्र म्हणायची नाही. डॉक्टर फोन वाजला की वर्तमानपत्र खाली करायचे आणि संपला की वर घ्यायचे. शुद्धलेखनाच्या चुका सापडेनाशा झाल्या.

“मी चांगलंच केलं होतं ना गं?” एका दुपारी त्यांनी बाईंना विचारलं.

“चांगलं केलंत. तिचं नाही केलंत.” बाई शेंगा सोलत होत्या. “जन्मभर दुसऱ्याच्या तोंडात हात घातलात. आधी ‘आ करा’ म्हणायचातच ना? पोरीला तेवढंही नाही म्हणालात.”

डॉक्टर उठले, मेजाचा खण उघडला. मातीची मांजर तिथं होती. टाकून द्यायला त्यांचं मन झालं नव्हतं, किंवा धीर झाला नव्हता, दोन्ही एकच. त्यांनी ती कापसात गुंडाळली, शर्टाच्या खिशात घातली आणि मला पिशवीत. मला कशाला नेलं ते मला अजून कळलेलं नाही. एकटं जायची लाज वाटली असावी.

लेकीने दार उघडलं. डॉक्टरांनी काही तयार करून आणलं होतं बोलायला, ते जिन्यातच राहिलं.

“मांजर आणलीय,” ते म्हणाले.

“ठेवा तिथं.”

डॉक्टर तसेच उभे राहिले. मग म्हणाले, “कुठे ठेवू?”

साधाच प्रश्न. पण इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून तो पहिल्यांदा ऐकला. लेकीने त्यांच्याकडे पाहिलं, बाजूला झाली आणि म्हणाली, “रस्त्याच्या मधोमध. बसच्या पुढे.”

ती अख्खी दुपार डॉक्टर लेकीच्या फरशीवर मांडी घालून जांभळा रंग कालवत होते. दातांच्या पांढऱ्याच्या शंभर छटा ओळखणारा माणूस, पण जांभळा काही जमेना.

“लाल जास्त झाला.”

“आता?”

“अजून थोडा निळा. बाबा, थोडा म्हटलं.”

शेवटी जी छटा आली ती पहिल्यासारखी नव्हतीच. वांग्यासारखी होती. लेकीने मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाली, “असू दे. ही बरी आहे.” तेवढ्यावर डॉक्टर असे फुलले, की जणू त्यांना परीक्षेत पहिला नंबर मिळाला.

पुढच्या रविवारी आम्ही हॉलवर गेलो. बाईही आल्या, गुडघ्याला पट्टा बांधून. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरला आणि माझ्या एका बाजूला नेमका चंद्र आला.

“माझ्या गावाला लागून चंद्र?” डॉक्टर अस्वस्थ झाले.

“तुमच्या गावातल्या लोकांना कुठंतरी जायला नको का?” काकू बोल्ट आवळत म्हणाल्या.

दुसऱ्या बाजूला लेकीची जांभळी झाडं आली. ती चिठ्ठीने आली की लेकीने हळूच क्रम बदलला, हे मी सांगणार नाही.

गाडी सुटली. चंद्राच्या खड्ड्यांतून डुगडुगत आली, माझ्यावर चढली, स्टेशनात शिरली. बाकावरच्या गृहस्थांसमोरून आयुष्यात पहिल्यांदा गाडी गेली. मग ती मांजरीला वळसा घालून झाडांमागे दिसेनाशी झाली आणि लांबवर, परिचारिकेच्या धुक्यात शिरली. डॉक्टर टाचा उंचावून बघत होते.

“येईल ना गं परत?”

“येईल. सगळ्यांच्या घरी जाऊन येतेय, वेळ लागणारच,” लेक म्हणाली.

गाडी परत आली तेव्हा डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. बाईंनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. “चांगला पळतोय हो तुमचा देश,” एवढंच म्हणाल्या.

याला आता बरीच वर्षं झाली. मी म्हातारा झालोय. शाळेचं छप्पर उडालं, पिशवीत जाऊन येऊन कडा गुळगुळीत झाल्या. डॉक्टरांचा हात कापतो, त्यामुळे बोल्ट लेक आवळते आणि ते खुर्चीत बसून सूचना देतात. कुणी मागितल्या तरच. म्हणजे बहुतेक वेळा. पलंगाखालचे बाकीचे चार तुकडे त्यांनी नव्याने येणाऱ्यांना देऊन टाकले. त्यातला घाट एका तरुणीला मिळाला. तिने डॉक्टरांचे सगळे डोंगर खरवडून काढले आणि तिथं समुद्र केला. डॉक्टर त्या निळ्यावर वाकले. आम्ही सगळे श्वास रोखून होतो.

“पाणी खोल आहे का?” त्यांनी विचारलं.

“आहे ना,” ती म्हणाली.

“मग पूल भक्कम बांधा,” डॉक्टर म्हणाले आणि खुर्चीकडे वळले.

माझी फार मोठी मागणी नाही. तुमच्याही घरात ‘पूर्ण झाल्यावर दाखवतो’ म्हणून झाकून ठेवलेलं काही असेल. त्यातला एक मीटर कापून बाहेर आणा. टोकं तेवढी नीट करा. ती दुसऱ्यासाठी असतात. मध्ये काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा.

आता आवरतं घेतो. टेबलावर टेकवलेला तो हात जरा मागे घ्या. गाडी येतेय.