लीलावहिनींचा झेला

मित्रांनो, मी एक जुना झेला आहे. झेला म्हणजे काय, हे आमच्या पावस गावच्या मुलांना सांगायला नको. पण घाटावरच्या तुम्हा मुलांना आंबे फळवाल्याच्या गाडीवरच उगवतात असं वाटत असेल, म्हणून सांगतो. लांब बांबूची काठी, तिच्या टोकाला लोखंडी कडी, कडीला धारदार पातं आणि खाली सुताची जाळी. पातं देठाला लावायचं, हिसका द्यायचा, की आंबा देठासकट जाळीत. देठ शाबूत राहिला तर चीक अंगावर सांडत नाही आणि आंब्याला डाग पडत नाही. काम तसं सोपं आहे. पण सध्या माझ्या डोक्यात सगळा गोंधळ माजलाय. तो तुम्हाला सांगून बघतो. तुम्हाला उलगडला तर मलाही कळवा.

पहिला गोंधळ माझ्या वयाचाच. रघू गड्याने मला तयार केलं तेव्हा बागेचे मालक अण्णा यांचा मुलगा यज्ञेश पाळण्यात होता. आता यज्ञेशचं कपाळ मागे मागे सरकत टाळूपर्यंत पोहोचलंय. या काळात माझी काठी किती वेळा बदलली, जाळ्या तर विचारूच नका. मूळचं म्हणाल तर कडी तेवढी उरली. तरी सगळे मला तोच झेला म्हणतात, म्हणून मीही स्वतःला तोच समजतो.

दुसरा गोंधळ याहून मोठा. मला वाटायचं, माणसाला एक हात असतो आणि एक कोपर असतं. कारण मला पहिल्यांदा कामाला नेलं ते लीलावहिनींनी, म्हणजे अण्णांच्या बायकोने. त्यांचा डावा हात जन्मापासून कोपराशीच संपलेला होता. मला उचलून त्या बागेत निघाल्या तेव्हा रघू आडवा आला.

"वयनी, ह्येला दोन हात लागतात. येका हाताचा काम नाय ह्या. डोक्यात पडंल."

"मग हे कोपर काय शोभेला दिलंय देवाने?" असं म्हणून वहिनींनी एका फाटक्या पिशवीचा बंद उसवून माझ्या बुडाला पक्का बांधलंनी. त्या बंदात डावं कोपर घातलंनी, उजव्या हाताने काठी वर धरलंनी आणि रघूच्या नाकासमोर पहिला आंबा जाळीत घेतलंनी. रघू बघतच राहिला. पुढे कधी रघूने किंवा यज्ञेशने मला हातात घेतलं, की मलाच अवघडल्यासारखं व्हायचं. दुसरा पंजा काठीवर कशाला हवा, तेच मला समजायचं नाही.

वहिनी स्वभावाने गरीब वगैरे मुळीच नव्हत्या हो. बागेत त्यांचा आवाज असा लागायचा, की शेजारच्या बागेतले गडीसुद्धा आपल्यालाच ओरडतायत असं समजून बिडी विझवायचे. मंगळागौरीला त्या फुगडी घालायच्या. समोरचीने एका हाताने त्यांचा हात आणि दुसऱ्या हाताने कोपर धरायचं. सोडलंन तर तिची खैर नसे. पावसाळ्यात मी ओटीवरच्या खुंट्यांना आडवा टांगलेला असायचो, तेव्हा खाली पत्त्यांचा डाव रंगायचा. वहिनी वाडग्यात तांदूळ घेऊन त्यात पत्ते खोचून ठेवायच्या आणि उजव्या हाताने खेळायच्या. मी वरून बघत असे. हरायला लागल्या, की त्यांचा धक्का लागून वाडगा हटकून उलटायचा.

"मुद्दाम पाडलंस तू!" अण्णा चिडायचे.

"एका हाताच्या बाईवर आळ घेता? शोभतं का हो तुम्हाला?" वहिनी डोळे मोठे करून विचारायच्या आणि तांदूळ भरता भरता गालात हसायच्या. अण्णांना कधी पुरावा मिळाला नाही.

गेल्या वर्षी गणपती गेल्यावर वहिनींना ताप आला. गाडीतून रत्नागिरीला दवाखान्यात नेलं. घरात रडारड झाली, पाहुणे आले, गेले. वहिनी काही परत आल्या नाहीत. झेल्याला कोण काय सांगणार? मला वाटलं, पाऊस थांबला की येतील.

मग एके दिवशी ओटीवर सतरंज्या अंथरल्या. पंचक्रोशीतली माणसं जमली. मला खुंटीवरून उतरवून, पुसून, भिंतीवर एका फोटोखाली नव्याने टांगलं आणि माझ्या कडीत झेंडूचा हार घातला. फोटोतल्या बाईने पदर असा ओढून घेतला होता, की डावी बाजू अगदी झाकून गेली होती. मी तिला ओळखलं नाही. एक पाहुणे उभं राहून बोलायला लागले, "नियतीने त्यांच्यावर घोर अन्याय केला. पण त्या माउलीने मूकपणे सारं सोसलं." मूकपणे? हे कुणाबद्दल चाललंय, तेच मला कळेना. बायका डोळे पुसत होत्या. मलाही वाईट वाटलं त्या बिचारीबद्दल. पण ही बिचारी कोण, आणि तिच्या फोटोखाली माझं काय काम? आमच्या लीलावहिनींची आठवण कुणीच कशी काढत नाही?

त्या दिवसापासून मी भिंतीवर अडकलो. अण्णांनी निक्षून सांगितलं, "याला कुणी हात लावायचा नाही. ही तिची आठवण आहे." मित्रांनो, आमची काठी बागेत झिजते, पण घरात किडते. भुंगा लागला, पिठी पडायला लागली. सुनेने, वैदेहीने, ती पिठी झाडताना दोनदा अण्णांकडे बघितलं. या मोसमात आंब्याच्या कलमांखाली गेलो नाही, तर मी पुढच्या मोसमापर्यंत टिकणार नव्हतो. आणि अण्णा तर बागेकडे फिरकतही नव्हते. दिवसभर ओटीवर बसून त्या फोटोकडे बघायचे, तेही बावरल्यासारखे. मला वाटतं, त्यांनाही ती बाई ओळखू येत नसावी.

आंबे तयार झाले. पहिला आंबा उतरवण्याआधी बागेच्या राखणदाराला, म्हणजे बाग राखणाऱ्या देवाला, नारळ देऊन गाऱ्हाणं घालायची आमच्याकडे रीत आहे. घरातल्या मोठ्याने मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी "होय महाराजा" म्हणून त्याला दुजोरा द्यायचा. कोयते, टोपल्या, झेले सगळं झाडाखाली मांडतात. वैदेहीने मला भिंतीवरून उतरवलं.

"तो नको," अण्णा म्हणाले.

"नुसता मांडते हो अण्णा. दरवर्षी असतो ना तो तिथे. गाऱ्हाणं झालं की परत आणून टांगते."

अण्णा काठी टेकत मागोमाग आले. थोरल्या कलमाच्या बुंध्याशी मला यज्ञेशच्या नव्या, चकचकीत झेल्यांशेजारी ठेवलं. अण्णांनी नारळ हातात घेतला आणि डोळे मिटून सुरुवात केली.

"बा राखणदारा महाराजा, आज तुझ्या बागेत आंबे उतरवायला लागतोय. चुकलंमाकलं पदरात घे रे महाराजा!"

"होय महाराजा!"

"वाऱ्यापावसापासून राख, चोराचिलटापासून राख. झाडावर चढेल त्याला सुखरूप खाली आण रे महाराजा!"

"होय महाराजा!"

"आणि आमच्या लीलेच्या हाताला बळ दे रे महाराजा!"

"होय महाराजा!"

सगळे एका सुरात म्हणून गेले. रघू, यज्ञेश, वैदेही, गडी, सगळे. वर्षानुवर्षं हेच मागणं, याच जागी, याच शब्दांत. जीभ वळणावर पडलेली. मग एकेकाच्या लक्षात आलं आणि कुणी कुणाकडे बघेना. मी मात्र खूश झालो. म्हटलं, चला, वहिनी येतायत!

अण्णांनी डोळे उघडले. हातातला नारळ तसाच होता.

"अण्णा, पुन्हा घाला गाऱ्हाणं," यज्ञेश हळूच म्हणाला. "तेवढं गाळून."

"गाळून?" म्हातारा रघू म्हणाला. "बोल्लेला देवाला. होय बोल्लो समद्यांनी. आता परत कसा घेनार?"

"मग ते बळ जायचं कुठे?" अण्णांनी विचारलं. खरंच विचारलं. रघूला, यज्ञेशला, आळीपाळीने सगळ्यांच्या तोंडाकडे बघत विचारलं.   वहिनी येणार नाहीत, हे मला त्यांच्या तोंडाकडे बघून तिथेच कळलं. मित्रांनो, मला फार रडू आलं. पण जाळीतून काय गळणार?

अण्णांनी नारळ फोडला. मग वाकले आणि कुणाला काही कळायच्या आत मला उचललंनी. डावं कोपर बंदात घातलंनी. डावा पंजा नुसताच पुढे लोंबत राहिला.

"अण्णा, दोन्ही हातांनी धरा काठी," यज्ञेश म्हणाला.

"तिने कुठे धरलंन होतं?"

अण्णांनी पातं देठाला लावून ओढलं. पातं निसटून आंब्यातच घुसलं आणि आंबा कातळावर पडून फुटला. दुसऱ्या वेळी मी पानांत अडकलो. तिसरा आंबा जाळीत आला, पण देठ तुटून. चिकाने अण्णांचा सदरा खराब झाला. धाप लागून ते बुंध्याला टेकले आणि वर झाडाकडे बघत म्हणाले, "लीले, कसं गो जमायचं तुला? इतकी वर्षं शेजारी उभा राहून तू उतरवलेले आंबे टोपलीत भरले मी. तुला बळ दे म्हणून देवाला सांगितलं. पण कसं करतेस, हे तुला एकदासुद्धा विचारलं नाही गो मी!"

आणि अण्णा मोठ्याने रडले. वहिनी गेल्यापासून पहिल्यांदाच.

मला उत्तर ठाऊक होतं. वहिनी हाताने ओढतच नसत. बंदात कोपर घट्ट रोवून त्या कमरेतून वळायच्या, फुगडीत वळावं तशा, आणि सगळ्या अंगाचा भार माझ्या पात्यावर यायचा. हे मी तुम्हाला सांगितलं. अण्णांना कसं सांगू?

मला परत टांगायला न्यायचं वैदेहीने नावच काढलं नाही. भिंतीवर आता फोटोखाली नुसता हार आहे. अण्णा रोज सकाळी मला घेऊन कलमांत येतात. माझी काठी पुन्हा बदललीय. त्यांचे आंबे फुटतात, गडी तोंड फिरवून हसतात, पण ते शिकतायत. काल दमून त्यांनी ओढणं सोडलं आणि कमरेतून जरासे वळले. आंबा देठासकट जाळीत आला. अण्णा आंब्याकडे बघत राहिले, मग आपल्या कमरेकडे. त्यांनाही काय झालं ते नीटसं कळलेलं नाही.

म्हणून मित्रांनो, या जुन्या झेल्याचं एक ऐका. तुमच्या घरात, शेजारात कुणी असं आपल्या रीतीने काम करणारं माणूस असेल, तर लांबून हळहळू नका आणि लांबून वाहवाही करू नका. जवळ जाऊन विचारा, "कसं जमतं तुला? मला दाखव ना." आमच्या लीलावहिनींनी तर आनंदाने दाखवलं असतं. मला तुमच्या हातात दिलं असतं, आणि पहिला आंबा तुम्ही फोडलात की पोट धरधरून हसल्या असत्या.