तुरीच्या आडून

गाठ पुन्हा सैल पडली, तसा नागसेनने लुगड्याचा काठ दातात धरून ताणला आणि खाटेच्या पायाला नव्याने वेढा दिला. लुगडं आईचंच होतं, जुनं. काठाचं दुसरं टोक विठाबाईच्या घोट्याशी होतं. ती पाय लांब करून खाटेवर बसली होती आणि लेकरांचा खेळ पाहावा तशी त्याच्या हातांकडे पाहत होती. त्याने मात्र अजून तिच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं.

आईला बांध, असं त्याला एखाद्याने महिन्यापूर्वी सांगितलं असतं तर त्याने त्या माणसाला दारात उभं केलं नसतं. पण परवा विठाबाई उघड्या दारातून निघाली ती थेट हायवेवर. नेरडीगोंड्याच्या वावरात तण निंदायला जायचं म्हणत होती. एका लॉरीवाल्याने करकचून ब्रेक मारला आणि हाताला धरून तिला गुडीहत्नूरच्या बसस्टँडवर आणून बसवलं, म्हणून आज बांधायला तरी आई होती. त्याआधी बाहेरून कडी लावून पाहिली होती. तेव्हा तिने दारावर डोकं आपटून कपाळ फोडून घेतलं. नागसेनच्या रजा संपल्या होत्या. आज मंडल ऑफिसात तपासणी होती आणि फायली त्याच्याच टेबलावरच्या होत्या. बायको, दीपमाला, सकाळच्या बसने नार्नूरच्या शाळेवर गेली होती. आईजवळ बसणारी जयवंताबाई कापूस वेचून दुपारी येणार होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. शेवटी शेजारच्या दुकानवाल्या चंदाने अंगणाच्या भिंतीवरून तोड सुचवली होती.

"दवाखान्यात बी बांधतेतच ना भाऊ. मऊ कपड्यानं बांधा. मी मधातून मधातून पाह्यत जाईन."

बांधण्याची गोष्ट तशी या घराला नवी नव्हती. ती साऱ्या गावाला पाठ होती. दर भीमजयंतीला नागसेन माइकसमोर उभा राहिला की मागच्या रांगेतली पोरं एकमेकांना कोपर मारत, "आता बाभूळ येते पाह्य." आणि बाभूळ येईच. विठाबाई लोकांच्या वावरात निंदायला जाई, आणि जवळच उघडी विहीर असल्यामुळे लहानग्या नागसेनचा पाय लुगड्याच्या काठाने बांधावरच्या बाभळीला बांधून ठेवी. एवढं सांगून झालं की तो आवाज चढवी.

"माझ्या आईनं कधी मागं वळून पाहिलं नाही, कारण तिला पुढचं दिसत होतं!"

टाळ्या पडत. विठाबाई पुढच्या सतरंजीवर बसलेली असे. ती टाळ्या वाजवत नसे, डोक्यावरचा पदर तेवढा सारखा करी.

कार्यक्रम संपवून घरी येताना मात्र नागसेनला आईची पाठ दिसत राही. गोष्टीतलं बाकी सगळं लोकांकडून ऐकलेलं होतं, पण ती पाठ त्याने स्वतः पाहिली होती. लांब लांब जाणारी आईची पाठ, आणि आपलं घसा फाटेपर्यंतचं रडणं. आईवर त्याचा फार जीव होता. तिने धुण्याभांड्यांनी, निंदणाने, वेचणीने त्याला कारकून केलं होतं, हे तो कधी विसरला नाही. पण त्या पाठीचा सल राहून गेला होता. एकदा तरी वळायचं होतंस, असं विचारायची त्याची कधी छाती झाली नाही, आणि आता विचारून उपयोग नव्हता. कित्येक महिन्यांत तिने त्याला नावाने हाक मारली नव्हती. कधी तो तिला पोस्टमन वाटे, कधी जमीन मोजायला आलेला माणूस.

"कोनाचं लेकरू बांधून राह्यला, बापू?" विठाबाईने विचारलं.

नागसेनचे हात थांबले.

"तुहंच हाय, माय."

"मंग असं काऊन बांधतं? काचते ना पायाले."

तिने वाकून एका झटक्यात गाठ सोडली. उशाशी पडलेलं जुनं फडकं घेऊन त्याची घडी घातली, स्वतःच्याच घोट्याला गुंडाळली आणि वरून काठ बांधला. घरातलं काही न आठवणारे ते हात ही गाठ मात्र विसरले नव्हते. मग तिने काठाखाली दोन बोटं सरकवून पाहिली.

"दोन बोटं गेली पाह्यजेत. त्याच्याहून घट्ट नोको, आन् सैल बी नोको. सैल झालं का हीर हाय तिकडं."

"हो."

"पानी ठेवलं जवळ?"

त्याने तांब्या खाटेजवळ सरकवला. तिने तो आणखी अलीकडे ओढला, हात पुरतो का ते पाहिलं आणि समाधानाने मान हलवली.

"जाय आता. अन् मागं पाह्यू नोको. मागं पाह्यलं का लय रडते थे."

नागसेन उंबऱ्याशी अडला.

"तू पाह्यलं नाही कधी?"

"पाह्यलं ना," ती म्हणाली. "तुरीच्या आडून पाहो. चूप झालं का मंग निंदाले लागो."

"अन् चूप नाही झालं तं?"

विठाबाई तांब्याच्या काठावरून बोट फिरवत राहिली.

"एखांद्या दिशी नाहीच व्हये. मुकादम वरडे. मंग काय, रडत रडत निंदो."

त्याला तिच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं, तिच्या मांडीवर डोकं ठेवावंसं वाटलं. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. ऑफिसचा होता. त्याने चपला घातल्या. दार उघडंच ठेवलं, बंद दार तिला सोसत नव्हतं. अंगण ओलांडताना मान ताठ ठेवली, फाटक लोटलं आणि भिंतीपलीकडे उभ्या असलेल्या मोटारसायकलला किल्ली लावली.

आत सगळं शांत होतं. चंदाच्या दुकानात कुणीतरी तेलुगूत साबण मागत होतं. जमलं, असं त्याला वाटलं.

"नागसेन!"

हाक स्पष्ट होती. पोस्टमनला मारलेली नव्हती.

"नागसेन! अरे नागसेन!"

दुसऱ्या हाकेत रडू होतं. फोन पुन्हा थरथरू लागला. नागसेनने तो बंद केला नाही आणि उचललाही नाही. किल्लीवरचा हात त्याने काढून घेतला, भिंतीवर आपलं डोकं दिसणार नाही एवढा खाली वाकला आणि ती चूप व्हायची वाट पाहत तसाच उभा राहिला.