सगळ्या फाइलींवर माझंच नाव

आमचा प्रोग्राम शाळेची पुस्तकं ब्रेलमध्ये उतरवतो, म्हणजे अंध मुलांना बोटांनी वाचता येतील अशा ठिपक्यांत. 'आमचा' म्हणजे माझा आणि माझ्या नणंदेचा. हे आज म्हणतेय. मागच्या आठवड्यात मात्र मी तो 'माझा' म्हणून पाठवून मोकळी झाले होते.

मुक्त सॉफ्टवेअर फुकटात सांभाळणारी एक संस्था आहे. तिचा नियम कडक. प्रत्येक फाइलच्या डोक्यावर लिहिणाऱ्याचं नाव हवं आणि परवाना हवा, की कोणीही हे बिनधास्त वापरा, बदला, वाटा. त्याशिवाय दारात उभं करत नाहीत. ढीगभर फाइली, एकेक कोण उघडत बसणार? मी एक चिमुकला प्रोग्राम लिहिला आणि त्याने एका फटक्यात सगळीकडे परवाना चिकटवला. वर माझं नाव. बिटकीचं नाव होतं तिथेही माझंच.

बिटकी म्हणजे नणंद, घरी सगळे तिला तेच म्हणतात. अपूर्णांक, वर्गमुळं, गणिताचं सगळं डोकेफोड काम तिचं. मला हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. पण ती नोकरी शोधायला दुसऱ्या शहरात गेली, कामाकडे फिरकेना, मी एकटी राबत होते. माझं डोकं फिरलेलं. तिचं नाव गेलेलं दिसलं, तेव्हा म्हटलं, जाऊ दे.

आज सकाळी संस्थेच्या तपासनीसाचं उत्तर आलं. "गणिताच्या फाइलींत जागोजागी लिहिलंय, 'वहिनी, या ओळीला हात लावलास तर बघ.' ही वहिनी कोण, आणि तिला दम देणारं कोण? ज्याचं लिखाण, परवाना त्यानेच द्यायचा असतो."

चोरी केली, तीही धड जमली नाही मेली!

नवरा शर्टाला इस्त्री करत होता, त्याला मी ते वाचून दाखवलं. तो पोट धरून हसला. "लिही की, मीच मला दम देते म्हणून."

"तुझ्या सख्ख्या बहिणीचं काम आहे ते!" मी खेकसले.

"मग माझ्यावर काय ओरडतेस? तिला फोन कर."

स्वयंपाकघरात जाऊन मी दार लोटलं आणि फोन लावला. तिला सगळं सांगितलं, माझ्या रागासकट. लाजेने माझे कान तापले होते.

"माहितीये मला," बिटकी म्हणाली.

"कसं काय?"

"तपासणीसाठी तू ते सगळ्यांना दिसेल असं ठेवलंस ना? परवा मुलाखतीत मी ऐटीत म्हटलं, ब्रेलमधलं गणित माझं आहे, उघडून बघा. त्यांनी तिथल्या तिथे उघडलं. एक फाइल, दुसरी, तिसरी. सगळीकडे तूच. मग मुलाखत घेणाऱ्या बाई गोड हसून म्हणाल्या, कळवू हं."

"अगं, मला तेव्हाच का नाही फोन केलास?"

"काय बोलणार होते, वहिनी? मला वाटलं, तू मुद्दामच केलंयस."

आणि ते खोटं तरी कुठे होतं?

"मी त्यांना आत्ता फोन करते. चूक माझी आहे म्हणून सांगते."

"नको गं. घरच्या माणसाला पुढे केलं, असंच वाटेल त्यांना. आधीच खोटारडी ठरलेय." मला हुंदका आला, तो तिला ऐकू गेला. "रडू नकोस. परवाना हवाय ना? दिला. सगळ्यांना खुला. पोरांचं गणित माझ्यापायी अडायला नको. माझं नाव तेवढं नीट लाव."

"आत्ता लावते. पुढची मुलाखत कधी आहे?"

"कुणी बोलावलं नाहीये अजून," बिटकी म्हणाली. मग तिने विचारलं, "दादा कसा आहे?"